तेरा घातल्या, बारा काढल्या

आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. घर दुसऱ्या मजल्यावर, पायऱ्या ३८. ज्यांचे गुडघे धड आहेत त्यांना वाटतं चढणं अवघड. ज्याचा गुडघा गेलाय त्याला विचारा, रडवतं ते उतरणं. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास मी कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरायला लागले होते. पहिल्या मजल्यावरच्या आजी ७८ वर्षांच्या. त्या माझ्या पुढं तुरुतुरु उतरून जायच्या आणि खालून वर बघून म्हणायच्या, "सावकाश या की ओ, कुठं गाडी चुकायलीय?"

मी ५७ वर्षांची. सोलापुरात एका सहकारी बँकेत ३१ वर्षं कॅश काउंटरवर काढली. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि म्हणाले, "उजव्या गुडघ्यात गॅप कमी झालाय. ग्रेड दोन. ऑपरेशनचं नाव काढू नका अजून." मी विचारलं, वंगण संपलंय का? ते हसले. म्हणाले, गुडघा म्हणजे लुना नव्हे, तेल घातलं की चालू व्हायला. हाडांच्या टोकांवरची कूर्चा झिजते, मांडीचे स्नायू ढिले पडतात, मग सगळा भार सांध्यावर येतो. उपाय तीन सांगितले: सहा किलो वजन कमी करा, मांडीचे व्यायाम करा, फारच दुखलं तर गोळी. मी त्यातली गोळी तेवढी मनापासून घेतली. बीपीची गोळी आधीच चालू, त्यात पित्ताचा त्रास. दोन महिन्यांत पोटात असा जाळ पडला की गुडघा बरा म्हणायची वेळ आली.

ॲक्युपंक्चरचं, म्हणजे दुखण्यावर अंगात बारीक सुया टोचायच्या चिनी उपचाराचं, पहिल्यांदा डोक्यात आलं ते एका मोफत शिबिरामुळं. नाव सांगत नाही. मंगल कार्यालयात सतरंज्या टाकलेल्या, रांगेनं माणसं झोपवलेली. "गॅरंटीनं गुडघा वाचवू" असा फलक. एक तरुण स्टीलच्या डब्यातून सुया काढून टोचत पुढं सरकत होता. एकाच्या काढलेल्या सुया परत कुठल्या डब्यात जात होत्या ते मला नीट दिसेना. पैसे मोजणाऱ्या माणसाचं लक्ष नोटा कुठून आल्या आणि कुठं गेल्या याच्यावरच असतं. मी चपला घातल्या आणि निघून आले.

पुढं जाऊबाईंनी एका मॅडमचं नाव सुचवलं. त्यांची मान तिथं सुधारली होती. या वेळी मी आधी चौकशी केली. आपल्या राज्यात ॲक्युपंक्चरसाठी वेगळा कायदा झालाय, परिषद आहे, उपचार करणाऱ्याची नोंदणी होते. मॅडमचं प्रमाणपत्र भिंतीवर होतं, मी क्रमांक वाचला. त्यांच्या लक्षात आलं. "लिहून घ्या काकू, बिनधास्त," म्हणाल्या. तिथंच निम्मा विश्वास बसला.

वेटिंगमध्ये एक गृहस्थ कुणाला तरी सांगत होते, "हे सगळं आपल्या कोटणीसांनी आणलं बरं का चीनवरनं." सोलापुरात सुयांचा विषय निघाला की हे वाक्य येणारच. शाळेत वक्तृत्व स्पर्धेत मी डॉ. द्वारकानाथ कोटणीसांवर बोलून तिसरी आले होते, त्यामुळं मला गप्प बसवेना. कोटणीस सर्जन. १९३८ साली जे पाच भारतीय डॉक्टर चीनला गेले त्यांतले ते एक. युद्धातल्या जखमींवर शस्त्रक्रिया करता करता ९ डिसेंबर १९४२ ला तिथंच वारले, अवघे ३२ वर्षांचे. ते परत आलेच नाहीत, तर सुया कशा आणतील? त्याच पाचांतले बंगालचे डॉ. बिजयकुमार बसू परत आले. ते १९५० च्या दशकात पुन्हा चीनला गेले, तेव्हा ही विद्या शिकले आणि कोलकात्यात त्यांनी ती सुरू केली. कोटणीसांचं नाव मात्र त्यांच्या आठवणीखातर या विद्येला कायमचं चिकटलं. गृहस्थांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे आपल्याच ग्रुपनं आणलं की." मी वाद थांबवला.

पहिल्या दिवशी पाऊण तास नुसतं बोलण्यात गेला. रक्त पातळ करायची गोळी घेता का? पेसमेकर आहे का? साखर किती? सुई बघून घेरी येते का? झोप, पोट, पाळी कधी गेली. मग दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून नाडी बघितली, जीभ बाहेर काढायला लावली. एक्स-रे बघितला आणि म्हणाल्या, "झिजलेली कूर्चा सुईनं परत येत नाही. ते मनातनं काढून टाका. दुखणं कमी होऊ शकतं, चालणं सुधारू शकतं. आठवड्यातनं दोनदा, दहा सिटिंग. पाच-सहामध्ये काहीच फरक पडला नाही तर मीच थांबा म्हणेन." एका सिटिंगचे पाचशे. मी मनात पाच हजाराची एन्ट्री टाकली.

साडीचं काय करायचं हा प्रश्न होता. गुडघ्याच्या वरपर्यंत मोकळं लागतं. दुसऱ्या सिटिंगपासून मी लेकीची जुनी पलाझो घालून जायला लागले. आयुष्यात पहिल्यांदा. हे नुसते बघत राहिले.

आता सुईबद्दल. आपल्या डोळ्यांसमोर येते ती इंजेक्शनची सुई. ही तशी नसते. आत पोकळी नाही, औषध नाही. नुसती तार, पाव मिलिमीटर जाडीची, मागं गुंडाळी केलेली मूठ. पाकिटं सीलबंद, मॅडम माझ्यासमोर फाडायच्या. प्रत्येक सुई प्लॅस्टिकच्या बारक्या नळीत असते. नळी कातडीवर टेकवायची, मुठीवर बोटानं टिचकी मारायची, नळी काढून घ्यायची. टिचकी कळते, टोचणं बहुतेकदा कळतच नाही. मग मॅडम सुई हळूहळू आत नेतात, बोटांत फिरवतात, आणि एका जागी पोचली की गंमत होते. दुखत नाही. जड होतं. पायाला मुंग्या येऊन गेल्यावर पाय कसा आपला नसल्यासारखा होतो, तसा एक ओशाळा, दबका ठणका सुईच्या भोवती पसरतो आणि नडगीवरून खाली घरंगळत जातो. "आलं?" मॅडम विचारायच्या. "आलं." याला चिनीत 'ते-छी' म्हणतात. ते आलं की त्या सुई सोडून द्यायच्या. सगळ्याच सुयांना ते येत नाही. घोट्याजवळची एक मात्र दर वेळी चावायची, शेवटपर्यंत तिची माझी दोस्ती झाली नाही.

जागा कशी शोधतात ते मला फार आवडलं. टेप नाही, पट्टी नाही. माझ्याच अंगठ्याच्या पेराची रुंदी म्हणजे एक 'त्सुन', माझी चार बोटं आडवी धरली की तीन. गुडघ्याच्या वाटीखाली बाहेरच्या बाजूला खळगा असतो, त्याच्याखाली चार बोटं, नडगीच्या धारेपासून एक बोट बाहेर. तिथं 'त्सु-सान-ली', म्हणजे पायाचे तीन ली. ली हे चिनी अंतराचं माप. दमलेल्या वाटसरूनं इथं दाबलं की आणखी तीन ली चालू शकतो, अशी त्या नावामागची गोष्ट सांगतात. आयुर्वेदातही ज्याचं शरीर त्याच्याच बोटांनी मोजतात, स्वांगुली म्हणून. माझी आजीही मापं वीत आणि बोटांतच सांगायची. फक्त तिची वीत सगळ्या जगाला लागू असायची.

सुया किती? गुडघ्याभोवती पाच, खाली पोटरी-घोट्याकडं चार, हातांवर तीन, एक टाळूवर. हातावर कशाला, दुखतोय तर गुडघा? मी विचारलंच. मॅडमनी भिंतीवरचा तक्ता दाखवला. माणसाच्या अंगावर रेल्वेच्या नकाशासारख्या रेघा. "जुन्या शास्त्रात 'ची' नावाची शक्ती १४ वाहिन्यांतनं फिरते, त्यांवर ३६१ बिंदू. मी असंच शिकले, बिंदू अजून असेच शोधते. पण शरीर उघडून बघितलं तर या वाहिन्या सापडत नाहीत, हेही सांगायला पाहिजे." हे ऐकून मला बरं वाटलं. ज्या माणसाला आपल्या दुकानातलं काय विकायचं नाही हे कळतं, त्याच्याकडून बाकीचं घ्यायला हरकत नाही.

मग सापडतं काय? मला त्यांनी जे समजावलं ते असं. सुई आत गेली की स्नायूतले मज्जातंतू जागे होतात, खबर कण्यातून मेंदूत जाते आणि मेंदू आपल्याच वेदनाशामकांचा डबा उघडतो. एन्डॉर्फिन म्हणतात ते. १९७० च्या दशकात हे तपासलं गेलं. मॉर्फिनचा परिणाम पुसून टाकणारं नॅलोक्सोन नावाचं औषध दिलं, तर काही प्रयोगांत सुईचा आरामही ओसरला. २०१० साली उंदरांवर एक प्रयोग झाला. सुई फिरवली की त्या जागी ॲडेनोसिन नावाचं द्रव्य कित्येक पटींनी वाढतं आणि ते आसपासच्या वेदनेचा आवाज खाली आणतं, असं दिसलं. उंदराला कुठं टोचलं होतं? त्सु-सान-लीलाच! उंदराच्या अंगठ्यानं मोजलं असेल का, एवढं विचारायचं मी राहून गेले.

गुडघ्याजवळच्या चार सुयांना बारीक चिमटे लावून वायरी एका लहान डब्याला जोडायच्या. बटण फिरवलं की मांडीचा स्नायू, डोळ्याची पापणी लवते तसा, आपोआप उडायला लागतो. सेकंदाला दोन वेळा. सहन होईल तिथं "बस" म्हणायचं. मग दिवा मंद, वीस-पंचवीस मिनिटं तशीच पडून. पहिल्या दिवशी मी घोरले, असं मदतनीस मुलगी म्हणाली.

पहिल्या सिटिंगनंतर फरक शून्य. झोप मात्र अशी लागली की सकाळचं दूध उतू गेलं. दुसऱ्यानंतर गुडघा दिवसभर जास्तच ठणकला. मी घाबरून फोन केला. "एखादा दिवस होतं तसं, दोन दिवसांत उतरलं नाही तर सांगा." उतरलं. पोटरीवर दोन रुपयाच्या नाण्याएवढा निळा डाग पडला, तो आठवडाभर राहिला. मी नोंद ठेवायला सुरुवात केली होती. दिनदर्शिकेवर दुधाच्या हिशेबाच्या खाली, रोज रात्री, दुखणं दहापैकी किती. पहिल्या आठवड्यात सगळे सात आणि आठ.

चौथ्या सिटिंगला माझी चूक. त्या दिवशी संकष्टी होती. सकाळपासून दोन कप चहावर होते, चंद्रोदय रात्री. दुपारी चार वाजता जाऊन झोपले. सहा-सात सुया झाल्या असतील, कपाळावर घाम आला, कानात भोंगा वाजल्यासारखं झालं, छत लांब गेलं. मॅडमनी सगळ्या सुया भराभर काढल्या, पाय उशीवर उचलले. पाच मिनिटांत मी माणसात आले, साखरपाणी पाजलं. मग जी बोलणी बसली! "काकू, खाल्लं होतं का?" "उपास आहे." "मग फोन करून उद्या यायचं होतं. देव रागावत नाही, रक्तदाब रागावतो." रिकाम्या पोटी, फार दमून किंवा घाबरून आडवं झालं की असं होऊ शकतं, आणि ते पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिलेलं होतं. मी वाचलंही होतं. पण संकष्टी त्यात धरली नव्हती.

सहाव्याला उलटा प्रकार. मॅडम दुसऱ्या पेशंटजवळ होत्या. मदतनीस मुलीनं सुया काढल्या, खोक्यात टाकल्या, "झालं काकू, उठा." मी उठले नाही.

"बारा झाल्या."

"हो की, सगळ्या काढल्या."

"घातल्या तेरा होत्या."

मुलगी पाय बघते, हात बघते, चादर झटकते. मॅडम धावत आल्या. मी म्हणाले, मी मोजूनच झोपते. कॅश जुळल्याशिवाय आम्ही काउंटर सोडत नव्हतो, रात्रीचे आठ वाजले तरी. शेवटी तेरावी सापडली डोक्यात, अंबाड्याच्या पुढं केसांत दडून बसलेली. मला तिथं काही टोचत नव्हतं, काही कळतही नव्हतं. तशीच रिक्षात बसून घरी गेले असते आणि रात्री फणी फिरवताना किंचाळले असते. मॅडम ओशाळल्या. तेव्हापासून तिथं घालताना आणि काढताना मोठ्यानं मोजतात. ही पद्धत माझी, असं मी सगळ्यांना सांगते. आणि हेही सांगते की ज्यांच्या पाठीवर, छातीवर सुया घालतात त्यांनी तर माणूस पारखूनच घ्यावा. क्वचित का होईना, सुई खोल गेली तर फुप्फुसाला इजा होऊ शकते.

थंडी वाढल्यावर दोन वेळा त्यांनी शेक दिला. सुकवलेल्या पानांची उदबत्तीसारखी जाड कांडी पेटवून गुडघ्यापासून दोन बोटांवर धरतात. ही पानं दवण्याच्या कुळातली. पण वासाला आपला दवणा नाही. ज्योतिबाला वाहतो त्या दवण्यानं मन हलकं होतं, या धुरानं शेजारी गोळा होतील. घरी आले तर ह्यांनी दारातच विचारलं, "कुणाच्यात बसून आलीस?"

सहावं आणि सातवं सिटिंग यांच्या मधली एक सकाळ. कचऱ्याची गाडी आली, मी बादली घेऊन खाली गेले, परत वर आले, आणि चहा ओतताना लक्षात आलं की कठडा धरलाच नव्हता. एका हातात बादली, दुसऱ्यात पदर. खात्रीसाठी परत उतरले. ३८ पायऱ्या, एका पायरीवर एकच पाय. दुखलं, पण उतरले. त्या रात्री दिनदर्शिकेवर चार लिहिलं. पुढं साडेतीन-चारच्या खाली ते कधी गेलं नाही.

लेक जर्मनीत असते, श्टुटगार्टजवळ. तिला कौतुकानं सांगितलं तर म्हणाली, "आई, इथं तर गुडघ्यासाठी सरकारी विमा सुयांचे पैसे देतो." मला वाटलं, झालं, सिद्धच झालं! पण पोरगी इंजिनिअर, ती तिथं थांबली नाही. पाठोपाठ तिनं आकडे पाठवले. तिकडं गुडघ्याच्या हजारावर रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली, २००६ साली छापली. तीन गट. एकाला शास्त्रानुसार बिंदूंवर सुया. दुसऱ्याला मुद्दाम चुकीच्या जागी, वरवर टोचलेल्या सुया, रुग्णाला न सांगता. तिसऱ्याला सुया नाहीत, नेहमीचे उपचार. सहा महिन्यांनी किती जणांना चांगला फरक? पहिला गट, शंभरातले ५३. दुसरा, ५१. तिसरा, २९.

मी चष्मा पुसून परत वाचलं. ५३ आणि ५१. म्हणजे माझ्या अंगठ्यानं मोजलेल्या त्या जागा, ते तीन ली, यांचा वाटा दोन माणसांचा? आणि ५१ आणि २९? म्हणजे कुठंही टोचा, पण टोचा? की कुणीतरी पाऊण तास आपलं ऐकून घेतं, मंद दिव्यात झोपवतं, "आलं का?" विचारतं, त्याचा हा फरक? लेक म्हणाली, याच सगळ्या अभ्यासांवरून जर्मनीनं २००७ पासून गुडघा आणि कंबर यांच्यासाठी पैसे द्यायचं ठरवलं. आणि ब्रिटनच्या सरकारी तज्ज्ञांनी असलेच पुरावे बघून गुडघ्याच्या झिजेला सुया देऊ नका, असं सांगितलं. पासबुक एक, बेरजा दोन. आमच्या बँकेत असं झालं असतं तर ऑडिटर येऊन बसला असता.

हे मी मॅडमना विचारलं, जरा भीतभीतच. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "माहितीय मला. चुकीच्या जागेची सुईसुद्धा सुईच असते काकू, तिथलेही मज्जातंतू जागे होतात. आणि विश्वासाचा वाटा असतोच, तो डॉक्टरच्या गोळीतपण असतो." मग थांबून म्हणाल्या, "पण तुमच्या मांडीचं काय? व्यायाम करताय का?"

इथं मला कबूल करायला हवं. सातव्या सिटिंगपासून मी व्यायाम करत होते. पाय सरळ ठेवून उचलायचा, दहा मोजायचे, खाली. सकाळ-संध्याकाळ वीस-वीस. वजनही अडीच किलो उतरलं होतं. आधी का नाही केला? कारण आधी पाय उचलला की दुखायचं. दुखणं चारवर आल्यावर उचलता यायला लागला. मग श्रेय कुणाच्या खात्यात टाकू? सुईच्या, झोपेच्या, मॅडमच्या, की त्या वीस-वीसच्या? मी दिनदर्शिकेची ती पानं समोर ठेवून खूप वेळ बसले. ह्यांनी विचारलं, "काय जुळेना?" मी म्हटलं, रक्कम बरोबर आहे, स्लिप कुणाची ते कळेना.

दहा सिटिंग संपून तीन महिने झाले. गोळी महिन्यातून एखादी, तीही लग्नकार्यात उभं राहिल्यावर. गड्ड्याच्या यात्रेत दोन तास फिरले, दुसऱ्या दिवशी सहा लिहावं लागलं. या महिन्यात आकडा हळूहळू पाचावर येऊन बसलाय. मॅडमनी सांगितलंच होतं, परिणाम ओसरतो, मधूनमधून एक-दोन सिटिंग लागतात. काही जणांना लागतही नाहीत आणि काहींना पहिल्या दहांतच काही होत नाही. माझ्या शेजारच्या बेडवरच्या बाईंना खांद्याला आठ वेळा घेऊन तिळमात्र फरक पडला नाही. त्या सोडून गेल्या. त्यांना मॅडमनीच परत हाडांच्या डॉक्टरांकडं पाठवलं.

पुढच्या मंगळवारची वेळ घेतलीय. काल मोबाइलवर दवाखान्याचा निरोप आला: "मंगळवार, दुपारी चार." खाली मॅडमनी स्वतः लिहिलेलं, "काकू, मंगळवारी अंगारकी आहे. जेवून येणार असाल तरच या, नाहीतर बुधवार."

बुधवार कळवलाय.